धुरकऱ्याचा पवळ्या

कुठलीही गाडी दिसली की सुखदेवमामा आधी तिचं पुढचं टोक हाताने दाबून पाहायचे. नांदुऱ्याच्या धान्य बाजारात हमालाचा दोन चाकी हातगाडा भरून उभा असला की मामा हातातली पिशवी खाली ठेवून त्याच्या दांड्यावर तळहात टेकवायचे. हमाल वैतागायचा. "ओ मामा, पोते घ्याचे हायेत का गाडा?" मामा त्याला उत्तर द्यायचे नाहीत. निकाल मात्र द्यायचे. "उलाळ हाये बे. माल पुढं सरकव."

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढची बाजू वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून निघायला बघतं. त्याला उलाळ म्हणतात. मामांच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी उलाळ होत्या. सरकार उलाळ, धाकट्या मेहुण्याचा संसार उलाळ, आमच्या शाळेचं वेळापत्रक तर फारच उलाळ.

मी नांदुऱ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. शहरात मनासारखी खोली मिळेना, म्हणून जवळच्याच गावात मामांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मग बदली होईपर्यंत तिथेच राहिले. मामा उंचीने बेताचे, मान पुढे काढून चालणारे. तरुणपणी ते पंचक्रोशीतले नावाजलेले धुरकरी होते. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आणि हलक्या छकड्यावरून जोडी हाकणारा तो धुरकरी. मामांनी पटात बैलाला कधी तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, टोचली नाही असं गावात सांगायचे. मामांना विचारलं तर म्हणायचे, "टोचलं तं तो तुमच्यासाठी नाही पळत, तुमच्यापासून पळते."

बोलणं असं मोजकं. त्यातलं एक वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही पाठ म्हणता आलं असतं. "बसनाऱ्याले काय इचारता? ओढनाऱ्याले इचारा." त्यांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीत सगळे मुलाच्या घरदाराचं कौतुक करत होते. पोहे झाले, चहा झाला, तारखेवर बोलणं आलं आणि मामांनी भिंतीला टेकल्या टेकल्या विचारलं, "पोरीले इचारलं का? ओढाचं तिले हाये."  पोरीला आत जाऊन विचारलं तर ती नाही म्हणाली. लग्न मोडलं आणि त्यांची वहिनी पुढे कित्येक महिने मामांशी बोलत नव्हती. मामांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. नंतर त्या पोरीचं लग्न तिच्या पसंतीने झालं, त्यात पंगतीत सगळ्यात जास्त जिलब्या यांनीच खाल्ल्या, असं शांताकाकू सांगायच्या.

शांताकाकू म्हणजे मामांची बायको. काकूंना नवऱ्याचं गाडीपुराण तोंडपाठ होतं आणि त्याचा मनस्वी कंटाळाही होता. मुलगा पुण्याला नोकरीला. नातू झाला तेव्हा दोघं तिकडे गेले. मुलाने त्यांना मोठ्या दुकानात बाबागाडी घ्यायला नेलं, तर मामांनी तिथल्या प्रत्येक बाबागाडीत स्वतःची कपड्यांची थैली ठेवून दांडा दाबून पाहिला. शेवटी दुकानातल्या पोरीला म्हणाले, "बाई, याइतली एकबी धड नाही. लेकरू मांगं टेकलं की उताणं पडन." मुलगा लाजेने पार लाल झाला. "मंग काय," काकू सांगायच्या, "नातू वर्षाचा होईलोक याइच्याच खांद्यावर. गाडी घेऊच देली नाही."

गुडघे बोलायला लागले तेव्हा मामांनी शेत बटाईने दिलं आणि शेवटची बैलजोडी ओळखीच्या घरी विकली. त्याच वर्षी एक तांबूस रंगाचं कुत्र्याचं पिल्लू गोठ्यात येऊन बसलं. गोठा रिकामाच होता. विकलेल्या जोडीतल्या एकाचं नाव पवळ्या होतं, तेच मामांनी पिल्लाला देऊन टाकलं. कुत्र्याला बैलाचं नाव कशाला, असं मी एकदा विचारलं. "बैल गेला, नाव रिकामं राह्यलं होतं," एवढंच म्हणाले.

पवळ्याही पुढे त्यांच्यासारखाच झाला. सकाळी शेतापर्यंत चक्कर, तिथून बसथांब्यावर, तिथे कोण आलं कोण गेलं ते बघायचं, मग घरी येऊन दारातल्या कडुनिंबाखाली मान पुढे काढून उभं राहायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचं नाही, पाहुण्यांकडे बघायचं नाही. काकू म्हणायच्या, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला."

मी तिथे राहायला गेले तेव्हा पवळ्या तोंडाभोवती पांढरा झाला होता. मग एका उन्हाळ्यात त्याचे मागचे पाय ओढले जाऊ लागले. आधी वळताना घसरायचा, मग उठताना कुणाचा तरी आधार लागू लागला, आणि पाऊस सुरू होईतो मागचा भाग पुरता गेला. अंगणात पुढच्या पायांनी तो स्वतःला ओढत जायचा, त्याने पंजे सोलून निघाले. मामा त्याच्या पोटाखालून दुपट्टा घालायचे, दोन्ही टोकं वर धरायचे आणि कमरेत वाकून त्याला कडुनिंबापर्यंत न्यायचे. दिवसातून कित्येकदा. मामा थकले की काकू न्यायच्या, काकूंची कंबर धरली की मी. आम्ही तिघंही त्या पावसाळ्यात बारीकसारीक गोष्टींवरून एकमेकांवर खेकसत होतो. झोप कुणाचीच पुरी होत नव्हती.

सगळ्यात वाईट होतं ते अंथरुणातच होऊन जायचं तेव्हा. कुत्रा लाजतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोतं ओलं झालं की पवळ्या भिंतीकडे तोंड फिरवायचा आणि आम्ही साफ करेपर्यंत तसाच पडून राहायचा. काकू पोतं बदलताना बडबडायच्या, "असू दे रे बावा, सगळ्याइचं होते." तो मान वळवायचा नाही.

नांदुऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मणक्यातली नस गेली आहे, औषधाने पाय परत यायचे नाहीत. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक तर इंजेक्शन देऊन सोडवायचं, नाहीतर चाकाची गाडी. कुत्र्यांसाठी अशा गाड्या मिळतात हे ऐकून काकूंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मामा मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसले. गाडी म्हणजे त्यांचा विषय.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर गाड्यांचे फोटो बघायचा कार्यक्रम सुरू झाला. प्रकार दोन. एक दोन चाकांची. तिच्यात कुत्र्याचा मागचा भाग पट्ट्यांवर टेकतो, मागे चाकं, आणि पुढच्या पायांनी तो गाडी ओढत चालतो. दुसरी चार चाकांची, तिच्यात छातीखालीही आधार असतो आणि सगळं वजन गाडीवर पडतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पुढचे पाय मजबूत असतील तरच दोन चाकी घ्या. पवळ्याचे पुढचे पाय जेवताना थरथरायचे. ते मी पाहिलं होतं, काकूंनी पाहिलं होतं, मामांनीही पाहिलं असणारच.

चार चाकीचा फोटो बघून मामांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "हे तं तिरडी हाये, चाकाची."

"अहो, डॉक्टर म्हणाले ना..."

"म्याडम, याच्यात ओढनारा कुठी हाये? सगळा बसनाराच. जनावर असं लटकून ठेवाचं का? थो अजून चालनारा हाये."

काकू आतून ओरडल्या, "थो नाही चालत, तुमी चालवून राह्यले त्याले!" पण निर्णय झाला होता. मामांनी सुतळीला गाठी मारून पवळ्याची लांबी, रुंदी, जमिनीपासून पोटाची उंची अशी मापं घेतली. मापं अगदी बरोबर आली. सुताराकडून खाट करून घेतानाही मी माणसाला इतकं मन लावून माप घेताना पाहिलं नाही. शाळेच्या पत्त्यावर गाडी आली, मी ती रिक्षात घालून घरी आणली आणि मामांनी आंघोळ करून ती उघडली.

त्या गाडीत चाकांची जागा मागेपुढे करायची सोय होती. सोबतच्या चित्रात स्पष्ट होतं की वजन चाकांवर तोललं गेलं पाहिजे, खांद्यावर काहीच यायला नको. मी ते वाचून दाखवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि चाकं मागे सरकवली. मी म्हटलं, "मामा, याने पुढे भार येईल."

"येऊच द्या. धुरेवर दाब पाह्यजेच. हलकी धूर असली तं गाडी उलाळ होते. जनावराले बी भेव वाटते."

आयुष्यभर त्यांनी गाड्या अशाच भरल्या होत्या. ओझं जरा पुढे, धुरेवर म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकावर, बैलांच्या मानेवर थोडा दाब, म्हणजे गाडी घट्ट चालते. बैलाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी काय, तालुक्यात कुणाची टाप नव्हती. मीही ते चित्र घडी घालून ठेवून दिलं.

आणि पवळ्या चालला. पहिल्या दिवशी तो आधी बावचळला, मग एक पाऊल, मग दुसरं, आणि मग बसथांब्याच्या वाटेने जो निघाला तो थेट तिथे जाऊनच थांबला. मामा त्याच्या बाजूने एक हात गाडीवर ठेवून चालत होते, चेहरा असा की मला त्यांच्या तारुण्यातला पट न बघताच दिसला. दुकानाच्या ओट्यावरचे लोक उठून उभे राहिले. "काय मामा, पट भरवता का कुत्र्याइचा?"

"भरवा ना. तुमचा आना जोडीले," मामा म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले. मलाही फार बरं वाटलं. आपण सगळे आता थोडे झोपू, एवढाच स्वार्थी विचार माझ्या मनात होता.

आठवडाभर बरं गेलं. मग पवळ्या मध्येच थांबायला लागला. आधी बसथांब्यापर्यंत जाईना, मग दुकानापर्यंत, मग दारातून बाहेर पडल्यावर पुढचे पाय कोपरात वाकवून खाली बसायला बघायचा. मामांना त्याचं नवल वाटलं नाही. "नवा गोऱ्हा जू ठेवलं की असाच बसते. सवय व्हाले पाह्यजे." ते रागावले नाहीत, ओढाताण केली नाही. गोऱ्ह्याला शिकवतात तसं त्याच्या पुढे बसायचे, गूळ दाखवायचे, "हाऽऽऽ, चाल माह्या राज्या," म्हणायचे. पवळ्या गुळाकडे बघायचा नाही, मामांकडे बघायचा. आणि त्यांनी म्हटलं म्हणून दोन पावलं टाकायचा. ती दोन पावलं बघवत नसत.

एका रविवारी काकू त्याला आंघोळ घालत होत्या. खांद्यावरचा केसांचा झुबका बाजूला केला आणि त्यांचा हात थांबला. पट्टा बसायचा त्या जागी केस गेले होते, कातडी लाल होऊन सोलवटली होती. दोन्ही बाजूंना. काकूंनी मामांना हाक मारली. मामा आले, वाकून पाहिलं.

"जल्मभर लोकाइले सांगत आले," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ओढनाऱ्याले इचारा, ओढनाऱ्याले इचारा. याले इचारलं का तुमी?"

 ओलं अंग पुसायला मामांनी दुपट्टा पुढे केला, मग जाऊन गोठ्यात बसले. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चाकं पुढे सरकवली, तोल बरोबर चित्रातल्यासारखा आणला. आता खांद्यावर काही भार नव्हता. पवळ्याला उभं केलं तर पुढचे पाय तरीही थरथरत होते आणि थोड्या वेळात वाकले. मामांनी गाडी सोडून भिंतीला लावून ठेवली. दुपट्टा परत आला.

पुण्याहून मुलाचा फोन यायचा. तो बिचारा आईबापाच्या काळजीने बोलायचा. "बाबा, तुमची कंबर जाईल. इंजेक्शन देऊन टाका, त्याचाबी जीव सुटेल." मामा "हाव, हाव" म्हणून फोन काकूंकडे द्यायचे. इंजेक्शनचं त्यांनी नाही म्हटलं नाही, हेच मला भीतीदायक वाटत होतं. एक दिवस शाळेतून आले तर त्यांनी विचारलं, "डाक्टर घरी येतात का त्यासाठी, का न्यावं लागते?" मी म्हटलं, विचारून सांगते. आणि विचारलं नाही.

अशात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जू बसतं त्या जागी पळसाच्या पानाने हळद आणि तूप चोळायचं, कोमट शेकायचं, आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्या खांद्याने ओढलं त्याची ही सेवा. बैल विकल्यापासून मामांच्या घरी हे बंद होतं. त्या दिवशी दिवेलागणीला मी पाणी भरत होते, तर मामा वाटीत तूप-हळद आणि हातात पळसाची पानं घेऊन पवळ्याजवळ बसलेले. काकू दारात उभ्या होत्या.

मामांनी दुपट्ट्याने त्याला उभं केलं, एका हाताने पोटाखाली आधार दिला आणि दुसऱ्या हाताने खांदा चोळायला घेतला. हळू, जखमेच्या कडेकडेने. मी बघत होते. मामांनी तळहात खांद्यावर ठेवला, जसा ते कुठल्याही गाडीच्या दांड्यावर ठेवायचे, आणि पवळ्याने आपलं सगळं अंग त्या हातावर सोडून दिलं. मामांचा हात खाली जायला लागला. त्यांनी तो परत वर नेला, पवळ्या परत त्याच्यावर रेलला. बराच वेळ मामा तसेच राहिले. आवतनाचे शब्द त्यांच्या तोंडून काही आले नाहीत.

"खांद्यात काहीच नाही राह्यलं, म्याडम," ते म्हणाले. "लय आधीच सरलं होतं. मी थो खांदा आज धरून पाह्यला." मग नाक ओढून, वर न बघता म्हणाले, "ते तिरडी दाखवा बरं पुन्हा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हळदीचे हात असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. काकूंनी पदराने पुसलं. मला तिथे उभं राहवेना, मी आत जाऊन मोबाइल शोधण्यात उगीच वेळ काढला.

या वेळी मापं काकूंनी घेतली. मामा नुसते धरून बसले. छातीखालचा आधार मऊ आहे का, पट्टे रुंद आहेत का, चाकं अंगणाच्या मातीत रुततील की काय, एवढंच त्यांनी विचारलं. मोठ्या चाकांची घेऊ म्हणाले. पुढचं टोक, दाब, उलाळ, यातलं काही नाही. दोन चाकी आम्ही डॉक्टरांकडे देऊन टाकली, कुणा तरुण कुत्र्याच्या कामी येईल म्हणून.

चार चाकी आली त्या दिवशी मामांना मोठी आशा नव्हती. पवळ्याला आत ठेवलं, पट्टे लावले, आणि मामांनी सवयीने पोटाखाली हात धरून ठेवला. काकू म्हणाल्या, "काहाडा ना हात." मामांनी हात काढला. पवळ्या पडला नाही. चाललाही नाही. कडुनिंबाखाली मान पुढे काढून नुसता उभा राहिला. उभ्या उभ्या त्याने वारा हुंगला, रस्त्यावरून गेलेल्या शेळ्यांकडे पाहिलं, आणि मग तिथेच, आपल्या नेहमीच्या जागी, उभ्याने मोकळा झाला. काकू रडायलाच लागल्या. कुत्र्याच्या लघवीवर रडणारी बाई मी तेव्हाच पाहिली, आणि दुसरी रडणारी मी होते.

मामा म्हणाले, "याले ओढाचं नव्हतं. याले उभं राह्याचं होतं."

दिवाळीनंतर माझी लोणारला बदली झाली. सामान आदल्या दिवशीच टेम्पोने गेलं होतं. सकाळी पिशवी घेऊन बाहेर आले तर पवळ्या गाडीत, कडुनिंबाखाली उभा. त्याच्या शेजारी मामा जमिनीवरच बसले होते, पाठ झाडाला, पाय लांब सोडलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले आणि तोंड उघडं. गाढ झोपले होते, बारीक घोरत होते. पवळ्याने माझ्याकडे पाहिलं, पण हलला नाही. मी मामांना हाक मारणार तेवढ्यात काकूंनी दारातून हात केला.

"नका उठवू त्याईले, म्याडम. लय दिसाइनं झोपले."

मी हळूच फाटक ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे निघाले.